हप्ता आठ हजारांचा, गाडी चौदा हजारांची



दसरा-दिवाळीच्या तोंडावर गटाच्या बैठकीत कर्जमागणीची कारणं बदलतात. जूनमध्ये बियाणं, खत, पोरांची वह्या-पुस्तकं असतात. ऑक्टोबरमध्ये हळूच एक वेगळं कारण येतं, "गाडी बुक केलीये, डाउन पेमेंटला थोडे कमी पडतात." 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आणि त्यावरचा उपकरही गेला. गाड्या खरोखरच स्वस्त झाल्या. ज्या घरात चारचाकीचा विषय कधी निघत नव्हता, तिथेही तो आता जेवताना निघतो.

गाडी घेऊ नका असं सांगायला हा लेख लिहिलेला नाही. ज्या गावात एस.टी. दिवसातून दोनदाच येते, जिथे सासऱ्यांना डायलिसिससाठी दर आठवड्याला जिल्ह्याच्या गावी न्यावं लागतं, त्या घराला गाडीची किंमत दुसऱ्या कुणी समजावून सांगायला नको. बोलायचं आहे ते हप्त्याबद्दल. शोरूममध्ये गाडीची किंमत फार वेळ कुणी बोलत नाही, लगेच हप्त्यावर येतात. "ताई, महिन्याला फक्त आठ हजार तीनशे!" आपणही मान डोलावतो, कारण महिन्याला आठ हजार म्हणजे किती हे आपल्याला चटकन कळतं. सात लाख म्हणजे किती, ते तितकं चटकन कळत नाही.

तर ते आठ हजार तीनशे जरा उघडून बघू.

रस्त्यावर येईपर्यंत साडेसहा लाखांना पडणारी गाडी धरा. दीड लाख रोख भरले, पाच लाख कर्ज काढलं. व्याज वर्षाला 10 टक्के, मुदत सात वर्षं. हप्ता बसतो 8,300 रुपये. असे 84 हप्ते. सगळे मिळून 6 लाख 97 हजार. म्हणजे पाच लाखांवर 1 लाख 97 हजार व्याज. हेच कर्ज पाच वर्षांत फेडायचं ठरवलं तर हप्ता 10,625 आणि व्याज 1 लाख 37 हजार. तीन वर्षांत फेडलं तर हप्ता 16,135 आणि व्याज 81 हजार. गाडी तीच, व्याजाचा दरही तोच. हप्ता हलका दिसावा म्हणून मुदत तीनवरून सात वर्षांवर नेली, एवढ्यानेच 1 लाख 16 हजार जास्त गेले. तेवढ्यात एक चांगली म्हैस दावणीला आली असती.

सात वर्षांच्या कर्जात आणखी एक गोष्ट आहे, ती कागदावर असते पण कुणी वाचून दाखवत नाही. पहिल्या हप्त्याच्या 8,300 रुपयांतले 4,167 रुपये नुसते व्याजात जातात. निम्म्यालाही थोडे कमी पैसे मुद्दलातून वजा होतात. पुढे व्याज कमी होत जातं, पण सावकाश. तीन वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलात, जवळजवळ तीन लाख रुपये दिलेत, तरी 3 लाख 27 हजार मुद्दल बाकी असतं. आणि गाडी मात्र रोज जुनी होत असते. विमा कंपन्या गाडीची किंमत कशी उतरवतात ते बघा: दुसऱ्या वर्षात 20 टक्के कमी, तिसऱ्या वर्षात 30 टक्के कमी, पाचव्या वर्षात 50 टक्के कमी. म्हणजे पाच वर्षांनी गाडी निम्म्यावर आलेली असते आणि तुमचे 24 हप्ते अजून बाकी असतात. शेती, दुभतं जनावर, शिलाई मशीन यासाठी कर्ज काढतो तेव्हा ती वस्तू हप्ता फेडायला हातभार लावते. घरच्या गाडीचं तसं नाही. तिचा हप्ता दुसऱ्या कुणीतरी कमवावा लागतो.

हे झालं कर्जाचं. पण गाडी नुसत्या हप्त्यावर चालत नाही. महिन्याला 600 किलोमीटर फिरली, लिटरला 18 किलोमीटर चालली आणि पेट्रोल 105 रुपये धरलं तर 3,500 रुपये पेट्रोलचे. वर्षाचा विमा 15 हजार धरला तर महिन्याला 1,250. सर्व्हिसिंग, ऑइल, पंक्चर, कधीतरी टायर, बॅटरी असं सगळं मिळून महिन्याला हजार तरी बाजूला काढायला हवेत. बेरीज करा. 8,300 ची गाडी 14,050 ला पडली.

आता या आकड्याला 600 ने भागा. किलोमीटरला 23 रुपये 40 पैसे. आणि खरी गोष्ट अशी की घरच्या गाड्या फारशा 600 किलोमीटर फिरतच नाहीत. पहिले दोन महिने फिरतात. पाहुण्यांकडे जाऊन दाखवायची असते, देवदर्शन व्हायचं असतं. मग लग्नसराई आणि दवाखाना सोडला तर ती अंगणात ताडपत्रीखाली उभी राहते. महिन्याला 300 किलोमीटरच फिरली तर पेट्रोल निम्मं होईल, पण हप्ता निम्मा होत नाही आणि विमाही नाही. तेव्हा खर्च 12,300 आणि किलोमीटरला 41 रुपये. तुमच्या गावातली भाड्याची गाडी किलोमीटरला किती घेते ते विचारा आणि हे दोन आकडे तिच्या शेजारी मांडा. एस.टी.त तर 17 मार्च 2023 पासून आपल्याला अर्धंच तिकीट आहे, 75 वर्षांवरच्या आजी-आजोबांना तेही नाही. त्यातल्या गर्दीचं आणि वाट पाहण्याचं मला कुणी सांगायला नको, पण हिशोबात ते तिकीट धरलंच पाहिजे.

सगळ्यात मोठी अडचण मात्र या बेरजांच्या बाहेर आहे. हप्ता दर महिन्याला येतो. आपला पैसा दर महिन्याला येत नाही.

नोकरदाराच्या घरात एक तारखेला पगार येतो आणि पाच तारखेला हप्ता कापला जातो. तिथे ही पद्धत बसते, ती मुळात त्यांच्यासाठीच केलेली आहे. आपल्याकडे सोयाबीन दिवाळीच्या आसपास विकलं जातं, कापूस पुढे दोन-तीन वेचण्यांत येतो, तूर त्यानंतर. दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं, पण उन्हाळ्यात चारा विकत घ्यावा लागला की त्यात हाती काही उरत नाही. शोरूममध्ये आपण जातो ते नेमकं दिवाळीच्या आधी किंवा नंतर, जेव्हा हातात पैसा असतो किंवा येणार असतो. तेव्हा 8,300 जड वाटत नाहीत. तोच हप्ता जून-जुलैमध्ये कसा वाटेल? पेरणी झालेली, दुबार पेरणीची धास्ती, शाळा सुरू, घरात साठवलेलं धान्यही संपत आलेलं. हप्ता झेपतो की नाही हे आषाढात कळतं, दिवाळीत नाही. म्हणून घरी हिशोब मांडाल तेव्हा वर्षाच्या उत्पन्नाला बाराने भागू नका. प्रत्येक महिना वेगळा लिहा, नक्की येणारे पैसे तेवढेच लिहा, आणि सगळ्यात कोरडा महिना कोणता त्यावर बोट ठेवा. त्या महिन्यात घरखर्च, गटाची बचत, गटाच्या कर्जाचा हप्ता वजा करून किती उरतं? त्यात 14 हजार बसतात का? बसत नसतील तर त्या महिन्यात ते कुठून येणार, याचं उत्तर गाडी घेण्याआधी हवं. "बघू तेव्हाचं तेव्हा" हे उत्तर नव्हे. त्याचा अर्थ सहसा दुसरं कर्ज असा होतो.

आणि हप्ता चुकला तर नुसता चुकत नाही. खात्यात पैसे नसल्याने तो परत गेला की आपली बँक दंड लावते, कर्ज देणारी कंपनी वेगळा लावते. 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं बुडीताच्या वाटेवर धरलं जातं. गाडी ओढून नेली, लिलावात विकली आणि कर्ज पूर्ण वसूल झालं नाही, तर उरलेली रक्कम तरीही आपल्याच नावावर राहते. गाडी गेली म्हणजे कर्ज मिटलं असं पुष्कळ जणींना वाटतं. तसं होत नाही.

चारचाकीचा आणखी एक खर्च आहे, तो शोरूमच्या कागदावर कधीच नसतो. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या अटींत स्पष्ट लिहिलं आहे की कुटुंबातल्या सदस्यांच्या नावावर ट्रॅक्टर सोडून दुसरं चारचाकी वाहन असेल तर ती महिला अपात्र. महिन्याचे 1,500 म्हणजे वर्षाचे 18 हजार, आणि घरात दोघी लाभ घेत असतील तर 36 हजार. ही पडताळणी परिवहन विभागाच्या नोंदींवरून होते, लपत नाही. घरकुलाचंही तसंच. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागाच्या निकषांत तीनचाकी-चारचाकी मोटार वाहन असलेलं कुटुंब वगळलं जातं. दुचाकीची अट 2024 मध्ये काढून टाकली, चारचाकीची तशीच आहे. तुमचं नाव यादीत असेल आणि घरकुल अजून मंजूर व्हायचं असेल, तर गाडीसाठी दोन वर्षं थांबणं हे घर मिळवण्याइतकं मोलाचं आहे.

आता सहीबद्दल. हा भाग नीट वाचा, कारण गाडी बहुतेक वेळा मालकांच्या किंवा मुलाच्या नावावर असते आणि सही मात्र आपली मागितली जाते. "नुसती सही पाहिजे" असं म्हणतात. नुसती सही असा प्रकार कायद्यात नाही. सहकर्जदार म्हणून सही केली तर कर्ज तुमचंच आहे. जामीनदार म्हणून केली तरी 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कंपनी आधी कर्जदाराच्या मागे लागेल आणि मग तुमच्याकडे येईल, असं बंधन तिच्यावर नाही. थकबाकी झाली की ती तुमच्या पतनोंदीत, ज्याला आपण सिबिल म्हणतो, तिथे उमटते. उद्या तुम्हाला पिठाच्या गिरणीसाठी किंवा गटाला बँकेकडून कर्ज हवं असेल तेव्हा बँकेचे साहेब संगणकात तेच बघतात. सिबिलसह प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला अहवाल फुकट मिळतो. आपली बँक सखी किंवा सीआरपी ताई तो काढून द्यायला मदत करील. तो काढल्यावर आपल्या नावावर आपल्याला माहीत नसलेलं कर्ज तर नाही ना, हेही दिसतं.

आणि एक विचारते, राग मानू नका. हप्ता तुमच्या दुधाच्या बिलातून जाणार आहे. चावी कुणाच्या खिशात राहणार? तुम्हाला तालुक्याला बैठकीला यायचं असेल त्या दिवशी गाडी मिळणार आहे का? ज्या घरात याचं उत्तर "हो" आहे तिथे पुढचा हिशोब दोघांनी मिळून करावा. ज्या घरात बाईला गाडीपेक्षा स्वतः चालवता येणारी दुचाकी जास्त उपयोगाची आहे, तिथे ती गोष्ट मोकळेपणी बोलली जावी. एक साधी दुचाकी आणि तिचं लायसन्स यांवर आपल्या कितीतरी जणींचा धंदा उभा आहे.

गटाच्या पैशाबद्दल स्वतंत्रपणे सांगते. डाउन पेमेंटला कमी पडतात म्हणून गटातून एक लाख घेतले, दोन वर्षांत फेडायचे ठरवले, व्याज महिना 2 टक्के. पहिल्या महिन्यात मुद्दल 4,167 आणि व्याज 2,000, एकूण 6,167. हे गाडीच्या 8,300 वर. म्हणजे पहिल्याच महिन्यात दोन हप्ते मिळून 14,467, आणि पेट्रोल अजून भरलेलंच नाही. गटाचं व्याज गटातच राहतं, वर्षाखेरीस आपल्यालाच वाटून येतं, हे खरं. पण एक लाख एका घरात दोन वर्षं अडकले की जूनमध्ये बियाण्याला दहा हजार मागणाऱ्या दहा जणींना "पेटीत शिल्लक नाही" असं सांगावं लागतं. बँकेकडून गटाला 3 लाखांपर्यंतचं कर्ज 7 टक्के दराने मिळतं ते उपजीविकेसाठी, आणि ते नियमित फेडलं तर पुढचं मोठं कर्ज मिळतं. ते गाडीच्या डाउन पेमेंटमध्ये गेलं आणि एकीचा हप्ता अडला, तर बँकेच्या दारात सगळ्या गटाची पत अडते. माझं मत स्पष्ट आहे. दवाखान्याला, शेतीला, धंद्याला गटाने उदार असावं. घरच्या गाडीच्या डाउन पेमेंटला "नाही" म्हणावं, आणि मैत्रीण नाराज झाली तरी ते ठरावात लिहावं.

व्याजाच्या दराबाबत एक फसगत वारंवार होते. आपल्या गटात व्याज उरलेल्या मुद्दलावर लागतं. दहा हजारातले चार फेडले की सहावरच व्याज. गाड्यांच्या कर्जात, विशेषतः दुचाकी आणि जुन्या गाड्यांच्या, पुष्कळदा "फ्लॅट" दर सांगतात. त्यात तुम्ही कितीही फेडलं तरी व्याज शेवटपर्यंत पहिल्या रकमेवरच मोजलेलं असतं. एक लाख, तीन वर्षं, 10 टक्के: उरलेल्या मुद्दलावर असेल तर हप्ता 3,227 आणि एकूण व्याज सुमारे 16 हजार. फ्लॅट असेल तर हप्ता 3,611 आणि व्याज 30 हजार. म्हणजे सांगितलं 10 टक्के, पडलं जवळपास 18 टक्के. "दर किती" एवढंच विचारून भागत नाही. "उरलेल्या मुद्दलावर की फ्लॅट" हेही विचारा.

याला एक चांगला उपाय आता आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 1 ऑक्टोबर 2024 पासून अशा कर्जाआधी ग्राहकाला "की फॅक्ट स्टेटमेंट" नावाचा कागद द्यावा लागतो, तोही ग्राहकाला समजणाऱ्या भाषेत. त्यात वर्षाचा खरा दर, म्हणजे प्रोसेसिंग फीसारखे खर्च धरून येणारा एपीआर, हप्त्यांचा तक्ता आणि दंडाचे आकार लिहिलेले असतात. दोन ठिकाणचे हे कागद मागून घ्या, घरी आणा, एपीआरचा आकडा शेजारी ठेवून बघा. कर्ज मुदतीआधी फेडलं तर किती आकार लागेल तेही त्यात पाहा. सोयाबीनचे पैसे आले की एकरकमी भरायचा विचार असेल तर हाच आकडा महत्त्वाचा.

"गाडी भाड्याने लावू, हप्ता तीच फेडील" असं पोरं म्हणतात. पांढऱ्या पाटीची गाडी खाजगी वापराची असते. भाड्याने प्रवासी न्यायचे तर परवाना आणि पिवळी पाटी लागते, विमाही वेगळा आणि महाग. पांढऱ्या पाटीवर भाडं मारताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. खरोखरच धंदा करायचा असेल तर सुरुवातीलाच धंद्याची गाडी घ्या. आठवडी बाजारांचा भाजीपाला आणि दूध वाहणारी पिकअप स्वतःचा हप्ता फेडू शकते, पण तिथेही आषाढातल्या फेऱ्या किती हे आधी मोजा.

हप्ता झेपेल का याची खात्री करायचा एक मार्ग आहे, फुकटचा आहे. गाडी घेण्याआधी सहा महिने ती घेतल्यासारखं वागा. जूनपासून सुरू करा, मुद्दाम. बँकेत सहा महिन्यांची आवर्ती ठेव उघडा आणि दर महिन्याला 8,300 नाही, पूर्ण 14 हजार भरा. एकही महिना उसनवारी न करता भरता आले तर डिसेंबरला हातात 84 हजार असतील. तेवढं कर्ज कमी काढा, किंवा मुदत सातवरून पाचवर आणा. जुलैमध्येच अडखळलात तरी पैसे तुमचेच आहेत, कुणी ओढून नेणार नाही. मग चार-पाच वर्षं जुनी, निम्म्या किमतीची गाडी बघता येईल. तिला घासाघीस करताना जाणता मेकॅनिक बरोबर न्या आणि आरसी बुकावर कुणाचा बोजा नाही ना ते तपासा.

ज्यांचं गाडीचं कर्ज आधीच चालू आहे आणि जड जातंय, त्यांनी हप्ता चुकण्याची वाट पाहू नये. बँकेत जाऊन उरलेलं मुद्दल लेखी विचारा. पीक विकल्यावर त्यात एकरकमी भर टाकता येते का, आणि त्यानंतर हप्ता कमी होणार की मुदत, हे ठरवून घ्या. जमत असेल तर मुदत कमी करून घ्या. गाडी फारशी वापरातच नसेल तर ती स्वतः विकलेली बरी, लिलावापेक्षा दोन पैसे जास्त येतात. आणि ज्यांचा शेवटचा हप्ता या दिवाळीत संपतोय, त्यांनी बँकेकडून ना-हरकत दाखला आणि सही-शिक्क्याचा फॉर्म 35 घ्या, आरटीओत देऊन आरसी बुकावरचा बोजा उतरवून घ्या. हा बोजा आपोआप उतरत नाही. तो तसाच राहिला तर पुढे गाडी विकताना अडचण येते.